माया ठेवून कापा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर परवापर्यंत एक काळी नळी उभी असायची. उंची २५ मिलिमीटरला किंचित कमी, बाहेरून व्यास २८.६ मिमी. घरी आलेला माणूस ती हमखास उचलून बघायचा, कारण ती दिसते त्यापेक्षा फारच हलकी आहे. "प्लंबरचं राहिलं वाटतं?" असं विचारायचा. मी "हो" म्हणायचो. खरं तर तो माझ्या सायकलच्या चिमट्याचा तुकडा आहे. तो मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, बाल्कनीत बसून कापला आणि आता ब्रह्मदेव आला तरी तो परत जोडता येणार नाही.

आमच्या लहानपणी सायकलच्या हँडलला उंची नव्हती. म्हणजे असायची, पण तिच्याबद्दल मत बाळगायची पद्धत नव्हती. वडिलांची काळी चोवीस इंची सायकल दुकानातून ज्या उंचीचं हँडल घेऊन घरी आली, त्याच उंचीचं घेऊन तीस वर्षांनी भंगारात गेली. मधल्या काळात तिच्यावर वडील, दोन काका, एक भाडेकरू आणि दांडीखालून पाय घालून मी, असे पाच वेगवेगळ्या मापांचे लोक पुण्यात हिंडले. मान कुणाचीच दुखली नाही. दुखली असलीच, तर तिचा संबंध कुणी सायकलशी लावला नाही. तेव्हा मान दुखली की उशी बदलत.

वर्षातून एकदा ती सायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे ओव्हरऑइलिंगला जायची. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर काका तेल जरा जास्त घालतात, एवढीच माझी समजूत होती. ते चाकाचा आउट काढत, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धूत, ब्रेकची रबरं बदलत. हँडलला मात्र हात लावत नसत.

तसं बघितलं तर त्या सायकलच्या हँडलची उंची बदलणं हे दोन मिनिटांचं काम होतं. हँडलची दांडी चिमट्याच्या नळीत आत उतरलेली आणि तिच्या बुडाशी एक पाचर. वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने एक ठोका द्यायचा, आत पाचर सुटली की हँडल हवं तेवढं वर ओढायचं, बोल्ट आवळायचा. अशा दांडीवर एक रेघ असते, ती बाहेर दिसू लागली की थांबायचं. त्यापुढे गेलात तर एखाद्या दिवशी हँडल तुमच्याबरोबर येतं आणि सायकल तिच्या वाटेने जाते. नवं काही विकत आणायला नको, काही कापायला नको. इतकी सोपी सोय होती म्हणूनच बहुधा कुणी ती वापरली नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी रोड बाइक घेतली. किंमत घरात निम्मी सांगितली, आणि तीही ऐकून सौ.ने "इंजिनासकट का?" असं विचारलं. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, कार्बनचा चिमटा, आणि सीट हँडलपेक्षा उंच. ही शेवटची गोष्ट मला दुकानात फार आवडली. सीट खाली आणि हँडल वर असलं की माणूस दूध आणायला निघाल्यासारखा दिसतो. सीट वर आणि हँडल खाली असलं की तो कुठेतरी पोचणार आहे असं वाटतं, भले तो दूधच आणायला निघालेला का असेना.

पहिल्याच रविवारी ग्रुपमधल्या एका सॉफ्टवेअरवाल्या पोराने माझी सायकल पुढून, मागून आणि वाकून बघितली आणि विचारलं, "काका, ही चिमणी कशाला?"

त्याचं बोट होतं स्टेमखाली. स्टेम म्हणजे चिमट्याची नळी आणि हँडल यांना जोडणारा आडवा हात. त्याच्याखाली नळीभोवती तीन काळ्या कड्या होत्या: १० मिमी, १० मिमी आणि ५ मिमी. स्टेमच्या वर ५ मिमीची आणखी एक. "वायसर आहेत," मी म्हणालो. तो दुखावला. "स्पेसर, काका." दोघांत फरक असा, की वायसर हार्डवेअरच्या दुकानात मुठीने मिळतात आणि स्पेसर पाकिटातून एकेक येतो.

त्याने मग समजावून सांगितलं. स्टेमखाली स्पेसर असणं म्हणजे पाठ वाकत नाही अशी जाहीर कबुली. खरा सायकलवाला सगळे स्पेसर काढून स्टेम थेट तळाला टेकवतो. याला स्लॅम करणं म्हणतात. मी घरी येऊन सौ.ला उत्साहाने सांगितलं की रविवारपर्यंत स्लॅम करून टाकतो. ती म्हणाली, "सोसायटीला विचारलंत का? गच्चीवर स्लॅब टाकायला परवानगी लागते."

पोरगं अभ्यासू होतं. त्याने १९८९ची टूर द फ्रान्स सांगितली. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने पळायची शर्यत. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे आलेल्या दांड्या लावल्या, त्यांवर कोपरं टेकवून पाठ सपाट केली, आणि फ्रान्सच्या लोराँ फिन्योंला मागे टाकून तीन आठवड्यांची अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. मग त्याने ग्रॅम ओब्री सांगितला. या स्कॉटिश गड्याने वॉशिंग मशीनमधली बेअरिंग घालून स्वतः सायकल बनवली, हँडल पार छातीखाली घेतलं, हात पंखांसारखे दुमडले आणि १९९३ साली तासाभराचा जागतिक विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी त्या पद्धतीने बसण्यावर बंदी आली.

"म्हणजे बघा, काका, सगळा खेळ हँडलचा आहे."

मला हे पटलं. आमच्या रविवारच्या मोहिमेचं अंतिम ठिकाण मिसळीचं हॉटेल असायचं, आणि तिथे ८ सेकंद आधी पोचल्याने रस्सा संपायच्या आत मिळेल असंही नव्हतं, हा विचार तेव्हा सुचला नाही. वॉशिंग मशीनकडे मात्र त्या आठवड्यात माझी एकदोनदा नजर गेली. सौ.ने ती टिपली.

आता यंत्राबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण माझी पहिली फजिती इथे झाली. १९९०च्या दशकात सायकलच्या जगाने ती पाचरेची जुनी रीत सोडली. नव्या रीतीत चिमट्याची नळीच फ्रेममधून वर येते, बिनआट्याची, गुळगुळीत. स्टेम तिला बाहेरून मिठी मारतो आणि बाजूच्या दोन बोल्टांनी घट्ट होतो. सगळ्यांत वर एक टोपी आणि टोपीत एक बोल्ट. हा वरचा बोल्ट म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष. सगळ्यांच्या वर तोच, येणाऱ्याला आधी दिसतो तोच, आणि घर धरून ठेवलेलं असतं बाजूच्या दोघींनी. वरच्याचं काम एवढंच, की स्टेमवर दाब देऊन खालच्या बेअरिंगमधली ढील काढायची. ते झालं, बाजूचे दोन बोल्ट आवळले, की त्याला काढून खिशात ठेवला तरी हँडल हलत नाही.

ज्याला हे माहीत नाही तो हँडल सैल वाटलं की वरचा बोल्ट पिळतो. मी पिळला. स्पेसर स्टेमखालून काढून वर चढवले, बाजूचे बोल्ट आधीच कचकून आवळले आणि मग वरचा घट्ट करत बसलो. कार्बनच्या नळीत आत एक प्लग बसवलेला असतो, त्याला हा बोल्ट धरतो. तो प्लगच बिचारा वर सरकत आला आणि मी समजलो, काय मस्त आवळतंय! दुसऱ्या दिवशी कर्वे रस्त्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला पुढून टकटक आवाज. योग्य क्रम उलटा: आधी बाजूचे दोन सैल, मग वरचा हलक्या हाताने, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून बघायची, टकटक थांबली आणि हँडल मोकळं फिरतंय असं दिसलं की बाजूचे दोघे आळीपाळीने, थोडे थोडे. कितपत? स्टेमवर छापलेलं असतं, बहुधा ५ न्यूटन-मीटर. त्यासाठी एक खास पाना मिळतो, तो ठरलेल्या जोराला कट् असा आवाज करतो. पाना नसेल तरी कट् आवाज येतोच, पण मग तो कार्बनचा असतो.

या सगळ्यात एक काम राहतं, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं. ते कधीही येत नाही. समोर उभं राहून बघितलं की डावीकडे, वर बसून बघितलं की उजवीकडे. आमच्याकडे गौरीचा मुखवटा बसवताना चार बायका चार दिशांनी "किंचित इकडे" म्हणत असतात, तसं. फक्त इथे चारही बायका मीच.

तर स्लॅम झालं. सायकल मस्त दिसू लागली, पण आता तीन स्पेसर आणि त्यांच्यातून उभी नळी स्टेमच्या वर आली होती. म्हणजे चिमणी होतीच, फक्त खालच्या मजल्यावरून गच्चीवर गेली होती. "हे कापावं लागेल," पोरगं म्हणालं. "ब्रेक लागला आणि काका पुढे सरकले तर..." पुढचं त्याने वयाचा मान राखून सांगितलं नाही, नजर मात्र खाली नेली.

दुकानदाराला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, "दोन-तीन महिने असंच चालवा, मग कापू." हा सल्ला त्याने सायकल देतानाही दिला होता. फुकटचे सल्ले आपल्याकडे त्याच भावात घेतले जातात.

सौ. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेली होती ती दुपार मी निवडली. चिमटा फ्रेममधून सोडवला. नळीभोवती चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कार्बनचे धागे उसवत नाहीत. मापाच्या रेघेवर पाण्याच्या पाइपची क्लिप आवळली, म्हणजे करवत सरळ चालते. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड. कार्बनची धूळ छातीत जाऊ नये म्हणून कोरोनातला उरलेला मास्क, आणि ती उडू नये म्हणून मुलाच्या शाळेच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी. एवढी काळजी मी माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही घेतलेली बघितली नव्हती. माप मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने तीनदा घेतलं. वर टोपीखाली ५ मिमीचा एक स्पेसर ठेवायचाच, म्हणजे स्टेमची मिठी नळीवर पूर्ण बसते. आणि नळीचं टोक त्या स्पेसरच्या कडेपासून सुमारे ३ मिमी आत हवं, नाहीतर टोपी नळीवर टेकते आणि ढील निघत नाही. हे सगळं मी नीट केलं. बाकी २५ मिमी. कापलं. नळीचा तुकडा टप्पकन् तुळशीच्या कुंडीत पडला.

कलाकुसरीच्या दृष्टीने विचाराल तर माझ्या हातून त्याहून नेटकं काम आजवर झालेलं नाही. चूक मापात नव्हती, माप कुणाचं घ्यायचं त्यात होती.

पुढच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो. खडकवासल्यापर्यंत मी वाऱ्याला कापत होतो. धरण ओलांडल्यावर लक्षात आलं, की गेला अर्धा तास मला फक्त पुढच्या सायकलचं मागचं चाक दिसतंय. मान वर करता येत नव्हती. पाणी कसं चमकतंय हे शेजारचा सांगत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवत होतो. शिवाय प्रत्येक पायडलला गुडघा वर येई आणि पोटाला भेटून जाई. ग्रेग लेमाँला ही अडचण आली असल्याचं वाचनात नाही. चहाला थांबलो तेव्हा करंगळी आणि अनामिकेत मुंग्या. अंगाचा भार हातावर आला की तळव्याच्या कडेची नस दबते आणि नेमकी हीच दोन बोटं झोपतात. पेला उरलेल्या तीन बोटांत धरून मी चहा प्यालो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, मी नजाकतीने पितोय.

फिजिओथेरपिस्ट मुलीने मला वाकायला सांगितलं. मी वाकलो. तिने वाट बघितली. मग म्हणाली, "वाका ना." मी वाकलेलाच होतो.

तिच्या हिशेबाने हँडल किमान ३० मिमी वर हवं होतं. म्हणजे सायकल आली होती त्याहूनही ५ मिमी वर. मी विचारलं, "पाठ खाली आणता नाही का येणार?" ती म्हणाली, येईल, रोज व्यायाम केलात तर सहा महिन्यांत थोडी. मी हँडलचाच विचार करायचं ठरवलं.

आता कार्बनच्या नळीवर जोड लावून उंची वाढवायची का? जाणता माणूस त्या वाटेला जात नाही, तळाला घाट आणि वर जोडलेलं हँडल हा बेत बरा नव्हे. मुळात अख्खी नळी असतानाही स्टेमखाली मन मानेल तेवढे थर लावता येत नाहीत. कार्बनला एफएसआय असतो. कंपनी मर्यादा देते, साधारण ३० ते ४० मिमीच्या आसपास. मी तर मंजूर बांधकामच पाडून बसलो होतो. नवा चिमटा घ्यायचा तर त्याची किंमत घरात निम्मी सांगूनही भागण्यासारखी नव्हती.

या मनःस्थितीत मी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. दुकान आता अर्धं स्कूटरच्या पंक्चरचं आहे, काका ऐंशीच्या घरात. त्यांनी सायकल एका बोटाने उचलली, खाली ठेवली, वरची टोपी उघडायला लावली, नळीत डोकावून बघितलं. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माया नाही ठेवली?"

मला एकदम शाळेची खाकी पँट आठवली. जूनमध्ये आई मला शिंप्याकडे न्यायची आणि मापं झाली की बजावायची, "माया ठेवा हं आत, पोरगं वाढतंय." मग ती दुमडून शिवलेली चार बोटं दर वर्षी थोडी थोडी उसवली जायची आणि पँटच्या तळाला वर्षागणिक गडद होत जाणारे पट्टे दिसायचे, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. चौथीतून सातवीत गेलो ते त्याच मायेवर. कपडा तोकडा करायला कुणालाही येतं, म्हणून तर शिंपी आधी कापतच नसे. आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी, वाढ फक्त एकाच दिशेने शिल्लक असताना, नळी अंगाबरोबर कापून ठेवली.

काकांना स्टेम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यांनी तो हाताने चाचपला. "हा जरा नाक खाली करून बसलाय. उलटा घातला तर?"

याचं गणित मी घरी करून बघितलं. चिमट्याची नळी सरळ उभी नसते, ती मागे कललेली असते, जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास. म्हणून स्पेसर घालून हँडल १० मिमी वर चढवलं की ते सुमारे ३ मिमी मागेही येतं. म्हणजे उंची आणि जवळीक दोन्ही मिळतात. माझा स्टेम होता १०० मिमी लांबीचा, उणे ६ अंशांचा. तो काढून उलटा बसवला की अधिक ६ होतो, हँडल जवळपास २० मिमी वर जातं आणि ६ मिमी जवळ येतं. एक पैसा न घालवता. जगभर लोक हे करतात, म्हणूनच बऱ्याच स्टेमवर नाव दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं छापलेलं असतं. राहिलेले १० मिमी मी आणखी चढत्या कोनाचा आखूड स्टेम आणून भागवले.

आता माझी सायकल बाजूने बघितली तर पाटाच्या पाण्यातून तोंड वर काढलेल्या म्हशीसारखी दिसते. सॉफ्टवेअरवाल्या पोराने पहिल्या दिवशी तिच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली, जसं आपण कुणाच्या घरी भांडण चालू असताना कॅलेंडर बघतो. मी त्याला एडी मर्क्स सांगितला. पाच वेळा टूर जिंकलेला, सार्वकालिक श्रेष्ठ म्हणतात तो. १९६९ साली फ्रान्समध्ये ब्ल्वाच्या ट्रॅकवर तो वाईट आपटला आणि त्यानंतर त्याला सायकलवर पुन्हा कधी धड बसता आलं नाही. सीट वर कर, खाली कर, चालत्या शर्यतीतसुद्धा पाना काढून मापं बदलत असायचा. म्हणजे मापाचा घोळ थोरामोठ्यांच्या घरीही आहे. पोरगं म्हणालं, "पण काका, तो जिंकायचा."

खडकवासल्याचं पाणी मला आता माझं मला दिसतं. बोटं जागी असतात. गेल्या महिन्यात त्याच पोराने रस्त्यात मला हळूच गाठून विचारलं, की ती फिजिओ मुलगी रविवारी बसते का. त्याच्या स्टेमखाली मला १० मिमीची एक कडी दिसली. मी काही बोललो नाही. नळी कापली होती का एवढंच विचारलं. त्याने मान हलवली. कुठल्या दिशेने ते नीट कळलं नाही, कारण ती फारशी हलत नव्हती.

आणि ते तीन स्पेसर, १० अधिक १० अधिक ५, माझ्याकडेच राहिले, कारण आता ते घालायला नळीच नाही. परवा टेबल आवरताना सहज एकेक करून त्या कापलेल्या तुकड्यावर चढवले. अगदी सफाईने बसले. करवतीने खाल्लेला मिलिमीटरभर सोडला तर उंचीलाही तंतोतंत. मी ते पुढे करून सौ.ला दाखवलं. तिने ते हातात घेतलं, डोळ्यासमोर धरून आरपार बघितलं, देवघरात नेलं आणि तांदूळ भरून त्यात उदबत्ती खोचली. ती किंचित डावीकडे कललेली आहे. समोरून बघितलं तर.